युरेनियमला जमिनीत अडविणारे जिवाणू

रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळविणारे जिवाणू शेतकरी बंधूंच्या चांगल्या परिचयाचे आहेत. किरणोत्सारी युरेनियमचा जमिनीतील प्रवास रोखणारे जिवाणूही निसर्गात असतात.

युरेनियम पाण्यात कसे उतरते?

खडकांत व मातीत युरेनियम नैसर्गिकरीत्या अल्प प्रमाणात असते. ऑक्सिजनयुक्त थरात त्याचे विद्राव्य रूप तयार होते व ते भूजलाबरोबर दूरवर जाते. ऑक्सिजन नसलेल्या थरात त्याचे क्षपण होऊन ते अविद्राव्य बनते व मातीतच बसून राहते.

जिवाणूंचे कार्य

हे क्षपण जिवाणू करू शकतात, असे डेरेक लव्हली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले. भात खाचरात पाणी साचून राहिले की माती निळसर करडी पडते. तेथे ऑक्सिजन संपल्यावर काही जिवाणू सेंद्रिय पदार्थांतील इलेक्ट्रॉन लोहाला देतात. अशा लोह-क्षपण करणाऱ्या जिवाणूंपैकी जिओबॅक्टर ते युरेनियमलाही देतात. मात्र त्यामुळे किरणोत्सार कमी होत नाही. फक्त युरेनियमची हालचाल थांबते.

रायफल येथील प्रयोग

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील रायफल येथे जुन्या युरेनियम कारखान्यामुळे भूजल दूषित झाले होते. २००२ मध्ये तेथे जमिनीखाली ॲसिटेट सोडण्यात आले. हे खाद्य मिळताच जिओबॅक्टरची वाढ झाली व ५० दिवसांत काही विहिरींतील युरेनियम ठरविलेल्या मर्यादेखाली आले. पुढे सल्फेट वापरणारे जिवाणू वरचढ झाले आणि युरेनियम पुन्हा वाढले.

नायट्रेटपासून सावध

ऑक्सिजन किंवा नायट्रेट पोहोचल्यास बसलेले युरेनियम पुन्हा विरघळते. काही जिवाणू नायट्रेटच्या साहाय्याने हे उलटे कामही करतात. अमेरिकेतील हाय प्लेन्स व सेंट्रल व्हॅली या शेतीप्रधान भागांतील भूजलात नायट्रेट व युरेनियम यांचा परस्परसंबंध असल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पिण्याच्या पाण्यात युरेनियम लिटरला ३० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे.

शेतकरी बंधूंनी लक्षात ठेवावे

१. नत्रखत माती परीक्षणानुसार व हप्त्यांनी द्यावे.
२. जादा पाणी देऊ नये. त्याबरोबर नायट्रेट खाली झिरपते.
३. पिण्याच्या विहिरीत किंवा विंधन विहिरीत नायट्रेट जास्त आढळल्यास युरेनियमचीही तपासणी करून घ्यावी.
४. पाणी उकळल्याने नायट्रेट वा युरेनियम निघून जात नाही.

जमिनीत अडलेले युरेनियम तेथेच राहणे हिताचे आहे. त्यासाठी नत्राचा नेमका वापर हा आपल्या हातातील उपाय आहे.