जुने खोके आणि फेटाळलेला दावा

म्हैसूरच्या सरस्वतीपुरम भागातील एका गृहस्थाने शिसवी लाकडात निरनिराळ्या रंगांचे लाकूड जडवून केलेले एक चित्र काचेच्या चौकटीसह रेल्वेने पुण्यास आपल्या बहिणीकडे पाठविले, अशी कल्पना करू. खोके फळांच्या दुकानातून आणलेले होते. पुण्यास पोहोचले तेव्हा काच फुटलेली व जडाव निखळलेला होता. भरपाईच्या मागणीस उत्तर आले की वेष्टन जुने असल्याने दावा नामंजूर. या उत्तरात दोन भिन्न गोष्टी एक केल्या आहेत: खोके जुने असणे, आणि त्या जुनेपणामुळे नुकसान होणे. अपिलाचा सारा भार या भेदावर असतो.

पन्हळी पुठ्ठ्यात दोन सपाट कागदांच्या मध्ये लाटांसारखा मुडपलेला कागद चिकटविलेला असतो. पुठ्ठा कडेवर किती दाब सोसतो, त्याची जाडी किती आणि खोक्याचा घेर किती, यांवरून खोक्याची ताकद अजमावण्याचे सूत्र अमेरिकेत मॅकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मांडले. ओझ्याखाली एकदा चेपलेल्या लाटा पुन्हा पूर्ववत उभ्या राहत नाहीत, आणि घडीच्या रेषाही मऊ पडतात. शिवाय कागद हवेतील ओलावा शोषतो; अतिदमट हवेत पुठ्ठ्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. तेव्हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही, हे दावेदाराने आधी मनाशी मान्य केलेले बरे.

परंतु खोके स्वतःच साक्षीदार असते. वर रचलेल्या मालाखाली ते खचले असेल तर भिंती फुगून त्यांवर सुरकुत्या उमटतात. तेथे जुनेपणाचा दोष संभवतो. एखादाच कोपरा आत चेपला असेल तर ते पडले किंवा आपटले असावे. टोकदार वस्तूचे भोक अथवा पाण्याचा मोठा डाग असेल, तर अशा प्रसंगी कोरे खोकेही बहुधा टिकले नसते. म्हणून खोके व आतील पेंढा टाकून देऊ नये, सर्व बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, आणि नुकसान दिसताच माल उघडून तपासून देण्याची मागणी स्थानकावरच करावी. घरी आणल्यावर केलेली तक्रार दुबळी ठरते.

१९८९ च्या रेल्वे कायद्याचे ९८ वे कलम येथे महत्त्वाचे आहे. वेष्टन सदोष असल्याची नोंद पाठविणाऱ्याने पाठवणीच्या अर्जावर केलेली नसेल, तर माल सोपविताना वेष्टन सदोष होते, त्यामुळे माल बिघडण्याजोगा होता आणि ही गोष्ट रेल्वेच्या नजरेस आणलेली नव्हती, हे रेल्वेने सिद्ध करावयाचे असते. तसे सिद्ध झाले तरी रेल्वेचा निष्काळजीपणा दाखविता आल्यास जबाबदारी टळत नाही. अपिलात नेमके हेच विचारावे: दोष कोणता, आणि त्याचा पुरावा काय?

भरपाईची लेखी मागणी माल सोपविल्यापासून सहा महिन्यांच्या आत गेलेली असली पाहिजे. ती फेटाळल्यास रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्याची मुदत माल सोपविल्यापासून तीन वर्षे आहे. न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. मात्र पाठविताना किंमत जाहीर करून जादा आकार भरलेला नसेल, तर भरपाईची कमाल रक्कम वजनावरून ठरते; आणि चित्राचे वजन ते किती असणार!