डेंपोचा धीर

२००५ ते २०१२ या आठ हंगामांत फुटबॉलची पाच राष्ट्रीय विजेतेपदे. कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यामागे लाखो चाहते उभे असताना हा पराक्रम केला गोव्याच्या डेंपो स्पोर्ट्स क्लबने. क्लब खाण व्यवसायातून मोठ्या झालेल्या डेंपो घराण्याचा, म्हणजे पैशाला तोटा नव्हता. तरीही पैशाच्या जोरावर जिंकले असे म्हणणे चूक ठरेल. आर्मांदो कुलासो २००० साली प्रशिक्षक झाले, आणि पहिली लीग हाती यायला २००५ उजाडले. मधली वर्षे मालकांनी त्यांना काढले नाही. आजच्या फुटबॉलमध्ये चार सामने हरले की प्रशिक्षकाची गच्छंती होते. कुलासो मात्र २०१३पर्यंत डेंपोतच होते.

समीर नाईक बचावफळीत वर्षानुवर्षे राहिला. क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी हेही आले ते टिकले. नायजेरियाचा रँटी मार्टिन्स २००४ ते २०१२ इथेच खेळला. डोळे मिटून पास दिला तरी सहकारी बेटो कुठे असेल हे रँटीला ठाऊक असायचे. एवढी ओळख एका मोसमात होत नाही.

या संघाने सोसलेही फार. ५ डिसेंबर २००४, बंगळूरला फेडरेशन कपचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियरने पहिला गोल केला, दुसराही केला, आणि दुसऱ्या गोलच्या वेळीच गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला. डेंपोने कप २-० असा जिंकला, पण खेळाडू गमावला. क्लबने त्याची १० क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली. काही महिन्यांत त्याच संघाने पहिली लीग जिंकली. नुसते करारांनी बांधलेले खेळाडू त्या दुःखातून असे उभे राहिले असते असे मला वाटत नाही.

२०११-१२च्या लीगमध्ये रँटीने ३२ गोल केले. मग कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडने त्याला उचलले. जोडीला कोस्टा रिकाचा विश्वचषक खेळलेला कार्लोस हर्नांडेझही आणला. रँटीने तिथेही गोलांचा पाऊस पाडला, पण संघ चौथा आला. पुढे प्रायोजक गेला आणि २०१४नंतर लीगमधून तो क्लबही गेला.

तरी पैसा ओतून जिंकता येतच नाही, असे मी म्हणणार नाही. नोव्हेंबर २०१९मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला आणि २०२०-२१मध्ये मुंबईने इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) लीग शिल्ड व चषक दोन्ही जिंकले. पण खरेदी कशाची झाली तेही पाहा. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा, फॉल, जाहू, बुमू, मंदार राव देसाई हे सगळे एफसी गोवाचे. लोबेरांनी तो संघ २०१७पासून घडवला होता. फेब्रुवारी २०२०मध्ये त्याच संघाने पहिली लीग शिल्ड जिंकली, तेव्हा हंगामी प्रशिक्षक होता डेंपोचाच क्लिफर्ड मिरांडा. मुंबईने गोव्याचा धीर रोख मोजून घेतला. तो आधी कोणीतरी धरलेला असावा लागतो.

धीरालाही ओहोटी येते. रँटी गेला, कुलासो गेले, २०१५मध्ये डेंपो खालच्या विभागात घसरला आणि २०१६मध्ये लीगमधून बाहेर पडला. पण क्लब मोडला नाही. २०२४मध्ये तो पुन्हा आय-लीगमध्ये चढला, आणि प्रशिक्षक होता समीर नाईक.

हा धडा आपल्या भागालाही लागू पडतो. मध्य प्रदेशातल्या बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडसारखे मोठे कारखाने आहेत, आणि सौसर-पांढुर्ण्यात पळणाऱ्या पोरांना तोटा नाही. कारखानदारांना आणि ग्रामपंचायतीला माझी विनंती आहे : स्पर्धेपुरते बाहेरचे खेळाडू आणण्याचा खर्च वाचवा. बारा-तेरा वर्षांची वीस पोरे निवडा, एक चांगला प्रशिक्षक नेमा, आणि निदान पाच वर्षे त्याला निकाल विचारू नका.