मातीच्या मूर्ती, मुंबईच्या संग्रहालयात

मैत्रिणींनो, लग्नाच्या खरेदीला आपण मुंबईला जातोच. एखादा दिवस काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासाठीही ठेवा. १९२२ साली उघडलेलं, पूर्वीचं हे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. रोह्याहून दिव्याची गाडी, पुढे लोकल. सगळं एकाच दिवसात पाहण्याचा हट्ट मात्र नको. पायांचे तुकडे पडतात नि डोक्यात काही राहत नाही!

पेणकरणींनी तर सिंधमधल्या मीरपूरखासच्या मूर्तींपुढे मुद्दाम थांबावं. स्तूपावरच्या या बुद्धमूर्ती सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या, आणि कशाच्या म्हणाल? मातीच्या! आपल्या शाडूसारख्या कच्च्या नाहीत, भाजलेल्या, म्हणून टिकल्या. मुळात त्या रंगवलेल्याही होत्या. म्हणजे तेव्हाही कुणीतरी श्वास रोखून डोळ्यांची आखणी केलीच असणार!

गणपतीच्या कारखान्यात हंगामभर रंगकाम करणाऱ्या बायकांना विचारा. "कला कसली बाई, रोजंदारी ती," म्हणतात. त्यांनाच आधी न्या. बोटं कशी वळवलीत, वस्त्राच्या चुण्या कशा काढल्यात, हे त्या आपल्यासारख्या पदवीधरांपेक्षा बारकाईनं पाहतील. पाटीवरचं तेवढं आपण वाचून दाखवू.