दहा जणांची कुपी

करोनावरच्या कोविशील्ड लशीच्या एका कुपीत दहा डोस असत, प्रत्येकी अर्धा मिलिलिटर. एकदा कुपी उघडली की चार तासांत संपवायची, उरलेली लस टाकून द्यायची. २०२१ साली खेड्यापाड्यांतल्या लसीकरणाचं गणित या नियमाभोवती फिरत होतं.

लस दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानातच ठेवावी लागे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रीजमधून निघून, बर्फाचे पॅक भरलेल्या निळ्या डब्यातून ती नर्सताईंच्या खांद्यावरून शाळेच्या ओसरीत पोचे. तिथे तिघेच आले तर? कुपी फोडली तर सात डोस वाया. नाही फोडली तर रोज बुडवून आलेल्या तिघांना परत पाठवायचं, आणि परत गेलेला माणूस पुन्हा येईलच याचा भरवसा नसे. म्हणून दहा जण जमवायचं काम आशाताई, म्हणजे गावातल्या आशा स्वयंसेविका, आधीच दारोदार फिरून करत.

दारात सरळ नकार देणारे थोडेच. बाकीच्यांच्या मनात शंका असत, आणि प्रत्येक शंकेला वेगळं उत्तर लागतं.

"ताप आला तर उद्या मजुरीला कोण जाणार?" हा प्रश्न पोटाचा आहे. लस घेतल्यावर शरीर लढाईची तालीम करतं, त्यामुळे ताप येऊ शकतो. बहुतेकांचा एक-दोन दिवसांत उतरतो. म्हणून दुसऱ्या दिवशी काम नसेल असा दिवस निवडायला सांगावं.

"सुईनेच करोना होतो म्हणतात." या लशीत करोनाचा विषाणू नसतोच. शरीरात वाढू न शकणारा दुसराच एक विषाणू करोनाच्या अंगावरच्या काट्याची ओळख तेवढी पेशींना करून देतो.

"मग अर्धा तास बसवून का ठेवता?" कारण तीव्र ॲलर्जी आलीच तर बहुधा तेवढ्या वेळात दिसते आणि लगेच उपचार करता येतात. अत्यंत क्वचित, पुढच्या काही आठवड्यांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, हेही लपवू नये. लपवलेली गोष्ट उघडी पडली की खरं सांगणाऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

विश्वासाचा हा धडा आपल्याकडे जुना आहे. १८९७ च्या प्लेगात पुण्यात प्लेग अधिकारी रँडसाहेबाच्या अमलाखाली सोल्जर घरांत शिरून झडत्या घेत होते. लोक घाबरून आजारी माणसं लपवू लागले. त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. साथ एकच; एकीकडे धाक होता, दुसरीकडे स्वतःचा दंड पुढे केलेला माणूस.

लसीकरणाचं सर्वांत मोलाचं काम, माझ्या मते, दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. आशाताई पुन्हा त्याच दारात उभी राहते आणि विचारते, "ताप उतरला का, आजी?" शेजारीण आपल्या उंबऱ्यातून ते ऐकत असते. पुढच्या कुपीचे दहा जण तिथूनच जमू लागतात.