नकाशातली खोली आणि आईंची खुर्ची

सोळा फुटांची भिंत ओढली आणि ती पडद्यावर दिसेचना! पुतण्याने मग एक कपाट आणून ठेवलं, तर ते कपाटच अख्ख्या घराएवढं. धुळ्याला देवपुरात दिरांकडे जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, आणि त्याभोवती आम्ही सगळे. जुनं घर पाडून तिथेच नवं बांधायचं ठरलं होतं, त्याचा हा श्रीगणेशा.

“मोठी आई, हे सॉफ्टवेअरच खराब आहे,” पुतण्या वैतागला. सॉफ्टवेअर बिचारं बरोबरच होतं. त्याला सेंटिमीटर कळत होते आणि आम्ही फुटात बोलत होतो. आम्ही १६ आकडा टाकला, त्याने १६ सेंटिमीटर धरले. तीन आगपेट्या ओळीने ठेवल्या की संपली भिंत!

मैत्रिणींनो, घराचा नकाशा कॉम्प्युटरवर काढायला बसाल, तर पहिलं काम हेच. ‘प्रेफरन्सेस’मध्ये जाऊन माप फूट-इंचाचं करून घ्या. आधीच काढलेल्या भिंती मात्र त्याने आपोआप मोठ्या होत नाहीत. आमची ती भिंत सव्वासहा इंच दाखवायला लागली, एवढंच. ती पुसून नव्याने काढावी लागली. तिथेच भिंतीची जाडी आणि उंचीही तपासा. आपण काही सांगितलं नाही तर भिंत जेमतेम तीन इंच जाड आणि आठेक फूट उंच धरली जाते. आपल्याकडे बाहेरची भिंत ९ इंची, आतली साडेचार इंची, आणि उन्हाळा बघता उंची १० फूट तरी हवीच.

आम्ही वापरलं ते ‘स्वीट होम थ्रीडी’. इमॅन्युएल प्युबारे या फ्रेंच माणसाने केलेलं हे सॉफ्टवेअर २००६ पासून लोक वापरताहेत, आणि ते मोफत मिळतं. म्हणून कोणी ‘क्रॅक केलेली’ महागडी सॉफ्टवेअर्स पेनड्राइव्हवर टाकून देत असेल तर नको म्हणा, सोबत व्हायरस फुकट येतो.

इंजिनिअरसाहेबांनी व्हॉट्सॲपवर नकाशाचा फोटो पाठवला होता. तो खाली ठेवून त्यावर भिंती गिरवता येतात, पूर्वी आपण ट्रेसिंग पेपरवर रांगोळीची नक्षी उतरवायचो तसं. पण आमच्या भिंती एका बाजूला बरोबर आणि दुसऱ्या बाजूला वाकड्या यायला लागल्या. कारण फोटो तिरका काढलेला! कागद सपाट ठेवून बरोबर वरून फोटो घ्यावा, किंवा सरळ झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून आणावा. पीडीएफ असेल तर आधी त्याचं चित्र करून घ्यावं लागतं. फोटो टाकताना सॉफ्टवेअर एक रेघ दाखवून तिची खरी लांबी विचारतं. तिथे घाई करू नका. ती रेघ नकाशातल्या एखाद्या लांब, माप लिहिलेल्या भिंतीवर नेमकी बसवा. छोटीशी रेघ धरली तर तिच्यातली चूक सगळ्या घरभर पसरते.

आता खरी गोष्ट सांगते. सासूबाई पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्यांची चाकांची खुर्ची आली. खालची खोली त्यांच्यासाठी होती, १० बाय १०. पडद्यावर ऐसपैस दिसायची. एका भिंतीशी ३ फुटांची कॉट, समोरच्या भिंतीशी २ फुटांचं कपाट, मध्ये ५ फूट मोकळे. खुर्ची जागच्या जागी पूर्ण वळवायला साधारण एवढीच जागा लागते. सगळे खूश झाले. आईंनी मात्र चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि अहिराणीत विचारलं, “मनी खुर्ची जाई का वं यामा?”

कोणाकडेच उत्तर नव्हतं. मी टेप काढली.

या सॉफ्टवेअरमध्ये भिंत ओढली की तिची लांबी जाडीच्या मधोमध धरली जाते. म्हणजे १० फूट मोजले ते एका भिंतीच्या मध्यापासून समोरच्या भिंतीच्या मध्यापर्यंत. दोन्हीकडून साडेचार-साडेचार इंच गेले, आत उरले ९ फूट ३ इंच. त्यावर गिलावा, दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच. पाच फुटांच्या मोकळ्या जागेचे झाले ४ फूट २ इंच. आईंची खुर्ची आत गेली असती, पण वळली नसती. बांधकामवाले याला ‘सेंटर टू सेंटर’ म्हणतात आणि त्यांना ते पाठ असतं. आपल्याला कोणी सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही. खोलीच्या आत मोजपट्टीची रेघ टाकून बघायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे. प्रत्येक खोलीत ती टाकाच, भिंतीच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत.

मग दाराची पाळी. बाथरूमचं दार अडीच फूट, म्हणजे ३० इंच. पण त्यात चौकट आली. आमच्या सुताराची चौकट दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच इंच खाते, उरले २५. आईंची खुर्ची मोजली, साडेपंचवीस! दीर म्हणाले, “वहिनी, अर्ध्या इंचाने काय होतं?” जाऊबाई पटकन म्हणाल्या, “रात्री दोन वाजता उचलून न्यायला तुम्ही उठणार का?” त्यानंतर दार ३ फुटांचं झालं, आणि खोली हॉलकडे एक फूट वाढली. पण हे इंजिनिअरसाहेबांना विचारूनच बरं का. पडद्यावर भिंत बोटाने सरकते, खरा कॉलम सरकत नाही. शिवाय महापालिकेच्या परवानगीला त्यांचाच नकाशा लागतो, आपला नाही.

बारीकसारीक कटकटी खूप. खिडकी ठेवायला जावं तर ती आपोआप भलतीकडे चिकटते. ती चुंबकाची सोय आहे, ‘ऑल्ट’ बटण दाबून धरलं की तेवढ्यापुरती सुटते. खोलीत डबल क्लिक करूनही फरशी भरत नसेल तर कुठल्या तरी कोपऱ्यात भिंती जुळलेल्या नसतात, चित्र मोठं करून फट शोधायची. थ्रीडी चित्राच्या जागी नुसतं काळं दिसलं तर बहुतेक वेळा कॉम्प्युटरचा ग्राफिक्स ड्रायव्हर जुना असतो, तो दुकानातून अपडेट करून घ्यावा. आणि लाइट कधी जाईल ते आपल्याकडे कोण सांगणार? दर काही मिनिटांनी आपोआप सेव्ह होण्याची सोय चालू ठेवा, आणि मोठा बदल केला की नव्या नावाने फाइल ठेवा. आमच्याकडे ‘घर १’ ते ‘घर ११’ झाल्या.

तयार सामानात बाथटब सापडतो, पण देवघर नाही, मोरी नाही, माठाची घडवंची नाही. मग साधा चौकोनी खोका घ्यायचा, हवी ती लांबी-रुंदी-उंची द्यायची आणि त्यालाच ‘देवघर’ नाव द्यायचं. माझा ओटाही असाच झाला.

सगळ्यात उपयोगी पडलं ते होकायंत्र. नकाशावर एका बाजूला छोटं चक्र असतं, त्याकडे आमचं लक्षच नव्हतं. त्यावर डबल क्लिक करून खरी उत्तर दिशा आणि गावाचे अक्षांश-रेखांश भरले, फोटोसाठी १५ मे आणि संध्याकाळचे ५ अशी वेळ दिली. हे ऊन वरच्या दोन दर्जांच्या फोटोतच येतं, आणि तो फोटो व्हायला इतका वेळ लागतो की पडदा अडकला असं वाटतं. आमची तेवढ्यात वरण-बट्टी करून झाली! फोटो आला तेव्हा पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट आईंच्या कॉटवर. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जाणाऱ्या आपल्या खानदेशात तिथे कोण झोपणार? ती खिडकी उत्तरेला गेली.

जळगावला परतल्यावर हे बचत गटात सांगितलं. आमच्या गटातल्या एकीला प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुल मंजूर झालेलं. किमान २५ चौरस मीटर, म्हणजे जवळपास २६९ चौरस फूट, स्वयंपाकाची जागा त्यातच धरून. घर तिच्या नावावर, पण नकाशा तिने पाहिलाच नव्हता. दिरांचा पुतण्यामार्फत शिकलेला सगळा धडा मी लॅपटॉपवर गिरवला. एवढ्या लहान घरात नऊ इंच म्हणजे चैन नाही, संसार असतो. स्वयंपाकाच्या जागेची आडभिंत काढली, आतली मोजपट्टी टाकली. ती मान डोलवत राहिली, पण तिला त्यातलं फारसं पटलेलं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या जागेवर चुन्याने तेच माप आखलं. ती रेघांच्या आत गेली, लुगडं सावरून खाली बसली, समोर परात असल्यासारखे दोन्ही हात पसरले आणि भाकरी थापायला लागली. उजवं कोपर रेघेच्या बाहेर गेलं. तिने मिस्तरीकडे पाहिलं आणि म्हणाली, “दादा, ही भिंत वीतभर तिकडे घ्या.”