शिकविणारे सर्जन : डॉ. अंतिया आणि मांडव्याच्या बाया
— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



गेल्या हंगामातली गोष्ट. एका फडात तोडणी चालू असता मजूर बाईच्या पायावर कोयता बसला. टोळीत वीस-बावीस माणसे. पण जखम स्वच्छ पाण्याने धुवावी, दाबून घट्ट बांधावी, एवढेही कोणाला ठाऊक नव्हते. कोणी चुना आणला, कोणी माती. औषधाची पेटी आमच्या जीपमध्ये कुलूपबंद, आणि आम्ही दुसऱ्या गटात. पुढे जखम चिघळली आणि बाईची दीड महिन्याची मजुरी बुडाली. यात चूक आमचीच. पेटी जवळ नव्हती हे एक वेळ सोडा; पण इतक्या वर्षांत आम्ही टोळीला काही शिकविले नव्हते.

ही टोचणी मनात असतानाच मे महिन्यात बहिणीच्या सासरी रेवसला जाणे झाले. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून लाँच मिळते. अलिबाग तालुक्यातले हे बंदर धरमतर खाडीच्या तोंडाशी आहे, पलीकडच्या काठाला करंजा. आमची नजर सवयीने ऊस शोधू लागली. दिसली ती भातखाचरे, खारबंदिस्ती आणि वाळत घातलेली मासळी. रेवसपासून मांडवा जवळच. मांडव्याचे नाव ऐकले की आम्हांला डॉ. नोशीर अंतिया आठवतात. त्यांची हकीकत सभासदांनी जरूर वाचावी.

डॉ. अंतियांचा जन्म १९२२ सालचा, हुबळीचा. शल्यक्रियेचे पुढचे शिक्षण त्यांनी इंग्लंडात घेतले. तिथे त्यांचे गुरू सर हॅरॉल्ड गिलीज. पहिल्या महायुद्धात तोंडे फुटलेल्या सैनिकांना ज्यांनी पुन्हा चेहरे दिले, तेच हे गिलीज. परत आल्यावर डॉ. अंतियांनी पुण्याजवळ कोंढव्याला कुष्ठरोग्यांची वाकडी झालेली बोटे आणि बसलेली नाके दुरुस्त करण्याचे काम केले. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग त्यांनी उभा केला आणि तिथे तरुण सर्जनांना शिकविले.

या विद्येची एक गंमत सांगण्यासारखी आहे. कापलेले नाक कपाळाच्या कातडीतून पुन्हा करण्याची रीत इंग्लंडला कळली ती आपल्या पुण्याकडून. कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक टिपूच्या लोकांनी कापले होते. ते पुण्याकडच्या एका कारागिराने नवे करून दिले, आणि ती हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात चित्रासह छापून आली. त्या कारागिराजवळ पदवी नव्हती. हात मात्र शिकलेला होता.

एवढा नावाजलेला सर्जन १९७३ च्या सुमारास मांडव्याच्या खेड्यांत उतरला. तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता. रायगड हे नाव १९८१ चे. मोठे इस्पितळ बांधण्याऐवजी डॉ. अंतियांनी गावातल्याच बाया निवडल्या. काहींना जेमतेम लिहितावाचता येई, काहींना तेही नाही. सुमारे तीस गावे आणि तीस हजार वस्ती. खोकल्याच्या रोग्यात क्षयाचा संशय कसा धरावा, अंगावरचा बधिर चट्टा कसा ओळखावा, बाळंतपणात स्वच्छता कशी राखावी, हे त्या शिकल्या आणि घरोघर करू लागल्या. आपल्याच आळीतली बाई असल्याने लोक तिच्याजवळ मन मोकळे करीत. १९७५ साली डॉ. अंतियांनी या कामासाठी संस्थाही स्थापन केली.

मग हे काम टिकले का? मांडव्याला नाही टिकले. दहाएक वर्षांनी ते बंद करावे लागले. साध्या बायांच्या हाती औषध आणि शब्दाला मान आला, तो गावच्या वजनदार मंडळींना सोसला नाही. डॉ. अंतियांनी हाय खाल्ली नाही; पुढे पुरंदर तालुक्यात परिंचे खोऱ्यात तेच काम पुन्हा मांडले. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली, २००७ साली ते वारले. २००५ पासून गावोगाव आशाताई आल्या, त्यांची वाट अशा कामांनीच मळून ठेवली होती. आपल्या ऊसपट्ट्याजवळ जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनीही १९७० पासून गावच्या बायांनाच शिकविले.

सभासदहो, बेणेप्रक्रिया आम्ही शिकवितो तेव्हा काय होते? आम्ही बांधावरून सांगून निघून जातो. टिकते तिथेच, जिथे घरच्या माणसाने स्वतःच्या हाताने टिपरी औषधात बुडविलेली असतात.

म्हणून आमची विनंती. गळीत सुरू होण्यापूर्वी प्रत्येक टोळीतून एक बाई निवडावी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सिस्टरबाईंकडून तिला दोन दिवस शिकवावे : जखम धुणे-बांधणे, सापाच्या रोग्याला वेळ न दवडता दवाखान्यात पोहोचविणे, जुलाबाच्या पोराला मीठ-साखरेचे पाणी. पेटी आणि किल्ली तिच्याकडेच राहील. चेअरमनसाहेबांच्या कानावर हे घातले आहे.

काही मुकादम म्हणतील, "बायांना कशाला?" मांडव्यालाही काम अशाच बोलण्यापायी मोडले. तेव्हा ज्यांच्या फडात टोळी उतरते त्या सभासदांनीच मुकादमाला समजवावे, आणि बाईचे नाव आपल्या गट ऑफिसात दसऱ्यापूर्वी नोंदवावे. पहिल्या वर्गाला आम्ही स्वतः शिकायला बसणार आहोत.