रात्रीचे मद्य आणि सकाळची पाळी

सूर्योदय झाला की वार बदलतो, हा पंचांगाचा नियम होय. परंतु रात्री घेतलेल्या मद्याचा हिशेब सूर्योदयाने संपत नाही. बोईसरहून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे सकाळच्या पाळीस निघणाऱ्या तरुणांत आमचे काही जुने विद्यार्थीही आहेत. चिल्हार फाट्याकडून येणाऱ्या अवजड मालमोटारींमधून वाट काढीत ते दुचाकीवर जातात. आदल्या रात्री मित्रमेळ्यात मद्य घेतलेला एखादा सकाळी स्नान करतो, लिंबूपाणी पितो आणि ‘आता उतरली’ म्हणून वाहनावर बसतो. आपल्या घरांत हा विषय उच्चारण्याचा प्रघात नाही; पण न उच्चारल्याने तो उंबऱ्याबाहेर राहतो असेही नाही. चरकाचार्यांनी मदात्ययावर चिकित्सास्थानात एक सबंध अध्याय खर्च केला. आपण निदान त्रैराशिक तरी मांडून पाहू.

मद्य जठर व लहान आतडे यांतून रक्तात शिरते. त्याचे विघटन मुख्यतः यकृत करते; श्वास, घाम व मूत्र यांवाटे जातो तो अल्प अंश. यकृताच्या या कामाची गती जवळजवळ ठरलेली असते. दर १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला सरासरी १५ मिलिग्रॅम मद्यार्क कमी होतो. व्यक्तिपरत्वे हा आकडा १० ते २० च्या आसपास असतो. स्वीडनचे शास्त्रज्ञ विडमार्क यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील गणित आजही यासाठी वापरतात.

समजा, ६० किलो वजनाच्या पुरुषाने रात्री ९ पासून ६० मिलिलिटरचे चार पेले व्हिस्की घेतली. तिच्यात मद्यार्क शेकडा ४२.८, म्हणजे एकूण सुमारे ८१ ग्रॅम. विडमार्कच्या रीतीने रक्तातील प्रमाण १०० मिलिलिटरमागे साधारण २०० मिलिग्रॅम येते. सकाळी ७ वाजेपर्यंत दहा तासांत १५० वजा झाले, तरी ५० उरतात. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाची मर्यादा ३० ची आहे. ती ओलांडल्यास पहिल्याच अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड अथवा दोन्ही. आमच्या उदाहरणातील गृहस्थ मर्यादेखाली येण्यास सव्वाआठ वाजतील आणि रक्त निर्मळ होण्यास दहा वाजून जातील. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचा अंश कमी असल्याने तेवढ्याच मद्याने प्रमाण अधिक चढते.

‘आम्ही केवळ ताडी घेतो’ असे म्हणणाऱ्यांनीही आकडेमोड करावी. पालघर-डहाणूच्या या पट्ट्यात ताडी घरोघरची ओळखीची. पहाटे उतरविलेली गोड नीरा दिवस चढेल तशी आंबत जाते. आंबलेल्या ताडीत मद्यार्क शेकडा ५ धरला, तर एका लिटरात तो सुमारे ३९ ग्रॅम भरतो; म्हणजे व्हिस्कीच्या दोन पेल्यांइतकाच.

कॉफीने झोप उडते, गार पाण्याने तरतरी येते. यकृताची गती मात्र तसूभर वाढत नाही. लवंग-वेलदोड्याने मुखाचा दर्प झाकतो. परंतु पोलिसांचे यंत्र फुप्फुसांतून येणारा श्वास मोजते आणि त्या श्वासातील मद्यार्क रक्तातून आलेला असतो. मद्यार्कयुक्त औषध वा गुळणी नुकतीच घेतली असेल, तर मात्र मुखातील अंशाने आकडा फुगू शकतो. म्हणून पंधरा मिनिटे थांबून पुन्हा चाचणी घेणे रास्त. रक्तातील मद्यार्क नाहीसा झाल्यावरही त्याचे इथाइल ग्लुकुरोनाइड नामक अवशिष्ट मूत्रात, पुष्कळ मद्य घेतले असल्यास, तीन दिवसांपर्यंत सापडू शकते. केसांत तर महिनोन् महिने.

तथापि यंत्रात सापडणे ही या प्रश्नाची गौण बाजू आहे. मद्यार्काने निर्णयशक्ती मंदावते, आणि ती मंदावली हे ओळखणारी बुद्धीही तीच असल्याने ‘मला काही होत नाही’ ही ग्वाही विश्वासार्ह राहत नाही. रसायनांच्या कारखान्यात झडप फिरवणारा एक हात चुकला, तर किंमत शेजारी उभ्या असलेल्यासही मोजावी लागते.

मद्य घेऊ नये, हे आमचे मत वाचकांस ठाऊकच आहे. परंतु घरातील कोणी घेतलेच असेल, तर उपदेशाचा पाढा सकाळी वाचू नये. दुचाकीची किल्ली खुंटीवरून काढून ठेवावी, त्यास रजा घ्यावयास लावावी. एका दिवसाचा पगार बुडेल, बुडू द्यावा. तो भरून काढता येतो.